रुधिररावांचा दुसरा भाग

सुभद्राच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला सांगितलं, की महिनाभर वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही आणि वाचायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी तिनं निमूटपणे मान्य केल्या. तिसरी ऐकल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. एकाच डोळ्यानं पाहिलं, कारण दुसऱ्यावर हिरवं झाकण होतं. पण चौतीस वर्षांच्या संसारानंतर एक डोळासुद्धा पुरतो.

"तुम्ही वाचून दाखवाल," ती म्हणाली.

मला आनंदच झाला. मी उमाशंकर पोतनीस, देवासच्या एका हिंदी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आयुष्यभर संस्कृत शिकवलं. पंधरा ऑगस्टला माईक बंद पडला तरी माझं भाषण मागच्या रांगेपर्यंत जायचं, आणि मागची रांग त्याबद्दल अजून तक्रार करते. शिवाय आमच्या मराठी वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीचा मी अध्यक्ष आहे. देवासात नियमित मराठी वाचणारे आता सहा-आठ सीटच्या एका मॅजिक गाडीत मावतील इतकेच उरलेत, पण त्यांनी काय वाचावं हे ठरवायला कुणीतरी लागतंच. मी मनात एक चरित्र आणि एक प्रवासवर्णन निवडूनही ठेवलं.

सुभद्रानं उशीखालून पुस्तक काढून माझ्या हातात दिलं.

मुखपृष्ठावर पगडी घातलेला एक गृहस्थ होता. त्याला दोन लांब सुळे होते आणि डोळ्यांवर पितळी चष्मा होता. त्याच्या छातीत दार असल्यासारखं काहीतरी होतं आणि त्यातून धूर येत होता. मागे आकाशात एक जहाज उडत होतं. नाव होतं 'पितळी पिशाच्च, भाग पहिला'.

"हे घरात कसं आलं?"

"वाचनालयातून. आपल्याच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आणून ठेवलं होतं. अर्धं वाचलंय, पण तुम्ही पहिल्यापासून वाचा."

अशा कादंबऱ्यांना स्टीमपंक म्हणतात, हे मला नंतर आमच्या लेकीनं, अपेक्षानं, पुण्याहून फोनवर समजावून सांगितलं. काळ जुना असतो, पण सगळं वाफेवर चालतं. टांगेही वाफेवर, पंखेही वाफेवर. त्यात रक्तपिपासू घातला की व्हॅम्पायरची साहसकथा. या कादंबरीत नर्मदेकाठी एक कल्पित संस्थान होतं. तिथले सरदार रुधिरराव तीनशे वर्षांचे होते. त्यांनी माणसाचं रक्त सोडून दिलं होतं आणि छातीत बसवलेल्या एका छोट्या बॉयलरवर व बिटाच्या रसावर ते दिवस काढत होते. ऊन अंगावर पडलं की जळून जायचे. बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात जाता येत नसे. त्यांच्याबरोबर मंदाकिनी नावाची एक तरुण इंजिनियर होती, आणि उडत्या जहाजाचं नाव होतं गरुडयंत्र.

मी वाचायला सुरुवात केली. नाखुषी आवाजात दिसावी एवढी काळजी घेतली.

चौथ्या पानावर सुभद्रा म्हणाली, "अहो, नीट वाचा. तो रक्तासाठी तळमळतोय, हजेरी नाही घेत."

मी जरा नीट वाचलं. दुसऱ्या दिवशी आणखी नीट वाचलं. तिसऱ्या दिवशी खलनायक दिवाण भस्मे तळघरात येतो तिथे मी त्याला खर्जातला आवाज दिला. तो इतका जमला, की स्वयंपाकघरातून कामवाली बाई बाहेर येऊन बघून गेली. चौथ्या दिवशी दुपारी सुभद्राला झोप लागली. मी खूण घालून पुस्तक मिटलं, पाणी प्यायलो, खिडकीतून टेकडीकडे पाहिलं आणि परत येऊन पुढची दोन प्रकरणं वाचली.

संध्याकाळी तीच प्रकरणं वाचून दाखवताना ती मध्येच म्हणाली, "तुम्ही पुढे वाचलंय."

"छे!"

"वाचलंय. घाबरायची जागा यायच्या आधीच तुमचा आवाज घाबरतोय."

सज्जन माणसानं अशा वेळी आवाज चढवावा, तसा मी चढवला. मग कबूल केलं. मग शपथ घेतली, की यापुढे एक ओळही एकट्यानं वाचणार नाही.

पहिला भाग गुरुवारी सकाळी संपला. गरुडयंत्र बारा हजार फुटांवर आहे. बॉयलरचा काटा लाल रेघेच्या पलीकडे गेलाय. मंदाकिनी एका हातानं दोराला लटकते आहे. तिला वर ओढायचं तर रुधिररावांना अंधाऱ्या खोलीतून उघड्या डेकवर यावं लागणार, आणि पूर्वेला सूर्य उगवायला दोन मिनिटं आहेत. 'रुधिररावांनी पितळी दाराच्या कडीवर हात ठेवला.' त्याखाली बारीक अक्षरांत: पहिला भाग समाप्त.

मी पान उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं.

"जा," सुभद्रा म्हणाली. "दुसरा भाग घेऊन या. सोमवारी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्या पोरीला दोराला लटकत ठेवून मी टेबलावर जाणार नाही."

ती हसत म्हणाली, पण तिनं माझी बाही धरून ठेवली होती. उजव्या डोळ्याला अजून सगळं धुकट दिसत होतं. डॉक्टर म्हणत होते वेळ लागतो. पहिल्या वेळी दुसरा डोळा शाबूत आहे या भरवशावर ती आत गेली होती. आता तो भरवसाच टेबलावर जायचा होता. हे ती बोलली नाही. मी चपला घातल्या.

आमचे ग्रंथपाल दत्ताजी सत्तरीचे आहेत आणि नियमांना पक्के आहेत. मी दुसरा भाग मागितल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"दुसरा भाग वाचनालयात नाही. तीन वर्षांपूर्वी आला होता, देणगी म्हणून. अध्यक्षांनी परत पाठवला."

"कोणत्या अध्यक्षांनी?"

दत्ताजींनी सभ्यपणे छताकडे पाहिलं.

मग मला अंधुक आठवलं. पहिला भाग माझ्या नजरेत यायच्या आधीच नोंदवला गेला होता. दुसऱ्याचं मुखपृष्ठ पाहून मी हरकत घेतली होती. आतलं एक पानही उलटलं नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही.

"मग आता मागवा," मी म्हणालो.

"नियम चौदा," दत्ताजी म्हणाले. "नाकारलेल्या ग्रंथाचा फेरविचार करायचा तर हरकत घेणाऱ्यानं स्वहस्ताक्षरात, कारणांसह, माघार लिहून द्यावी. ती पंधरा दिवस सूचनाफलकावर राहील. नंतर समितीची बैठक. किमान तीन सदस्य हवेत."

"आपल्या समितीत तीन सदस्य आहेत?"

"दोन. तिसऱ्याची निवडणूक अध्यक्षांनी घेतलेली नाही."

"हा नियम कोणी केला?"

दत्ताजी पुन्हा छताकडे बघू लागले. छताला काहीही झालेलं नव्हतं.

देणगीदाराचं नाव तरी सांगा म्हटलं, तर नियम नऊप्रमाणे तेही गोपनीय. मी खुर्चीत बसून राहिलो. सुभद्राच्या सोमवारच्या ऑपरेशनबद्दल बोललो. दोराला लटकलेल्या मंदाकिनीबद्दल बोललो. मंदाकिनीपाशी दत्ताजींच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी देणगीची वही काढली, उघडून माझ्याकडे तोंड करून ठेवली, म्हणाले, "मी जरा माठातलं पाणी बघून येतो," आणि पाच मिनिटं माठ बघत राहिले.

भवानीबाई. धार. खाली पत्ता आणि फोन नंबर.

तरी मी आधी सगळे सोपे उपाय केले. धारला जाऊन स्वतःच परत पाठवलेलं पुस्तक मागणं हा सोपा उपाय नव्हता. अपेक्षानं पुण्यात चार दुकानं पालथी घातली. आवृत्ती संपली होती. इंदूरला फोन केले. नाही. चौकातल्या मोबाईलच्या दुकानातला मयुरेश म्हणाला, "अंकल, टेंशन मत लो, पीडीएफ मिल जाएगी," आणि पंधरा मिनिटांत त्यानं माझ्या फोनवर एकशेदहा पानं पाठवली. ती इडलीपात्राची माहितीपुस्तिका निघाली. वाफ तेवढी जुळत होती. शेवटी मी भवानीबाईंना फोन केला; 'या' एवढंच म्हणून त्यांनी तो ठेवला.

शनिवारी संध्याकाळी ओट्यावर उभा राहून मी अपेक्षाला फोनवर सांगत होतो. शेजारी गणपतराव झाडांना पाणी घालत होते. गणपतरावांचं घराणं देवासच्या धाकट्या पातीचं, आमचं थोरल्या पातीचं. एका गावात दोन संस्थानं होती, ती दोन्ही जाऊन पाऊणशे वर्षं झाली, तरी गणपतराव पाण्याची नळी आमच्या हद्दीच्या एक वीतभर आत आणून बोलतात. माणूस मात्र मदतीला तत्पर. फार तत्पर.

माझं बोलणं त्यांना एकाच बाजूनं ऐकू येत होतं. ते असं होतं: "हो, ते रक्ताचंच... इथं कुठंच नाही मिळत. इंदूरलाही विचारलं, नाही म्हणाले... उद्या सकाळी धारला जातो, तिथं एका बाईंकडे आहे. द्यायला तयार होतील की नाही कुणास ठाऊक... सोमवारच्या ऑपरेशनच्या आधी मिळालंच पाहिजे गं. आई वरवर हसते, पण तिची अवस्था बघवत नाही."

गणपतरावांच्या हातातली नळी तशीच राहिली आणि आमचा मोगरा बुडाला. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

रविवारी सकाळी सातच्या बसनं इंदूर गाठलं, तिथून दुसऱ्या बसनं धार. वाटेत मी चार प्रकारची प्रस्तावना तयार केली. पहिली विनयशील, दुसरी साहित्यिक, तिसरीत वाचनालयाच्या इतिहासाचा आढावा होता. चौथी मी धारच्या स्टँडवर पोहे खाताना रचली. ती सरळ होती: चूक झाली.

भवानीबाईंचं घर एका साध्या कॉलनीत होतं. दारावर बेल, उंबऱ्यापुढे गेरूवर रांगोळी. दार त्यांनीच उघडलं. ऐंशीच्या आसपासचं वय, पांढरी साडी, ताठ पाठ. धारच्या दरबाराशी संबंध असलेलं घराणं. बाईंनी स्वतः मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्ती घेतलेली.

"यावे, पोतनीस," त्या म्हणाल्या. "फोनवर आवाज ऐकला तेव्हाच ओळखले. पत्राचा आवाजही असाच होता."

माझ्या चारही प्रस्तावना जागच्या जागी विरल्या.

आत एक तिशीचा तरुण सोफ्यावर कानात इअरफोन घालून बसला होता. "हा पियुष, माझ्या पुतण्याचा मुलगा. पिथमपूरच्या कारखान्यात बॉयलर सांभाळतो. आज सुट्टी." पियुषनं एक इअरफोन काढला, "नमस्ते काका," म्हणाला आणि परत घातला.

भवानीबाईंनी पाणी दिलं, चहा दिला, शेव दिली. मग कपाटातून एक पाकीट आणलं. "आधी हे वाचावे. मोठ्याने."

ते माझं पत्र होतं. मी उभा राहिलो आणि वाचलं. मुख्याध्यापक असून कुणी उभं करून वाचायला लावण्याची ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. "'महोदया, आपण पाठविलेली देणगी सधन्यवाद परत करीत आहोत. सदर ग्रंथ अभिरुचीस पोषक नाही. वाफ व रक्त या दोन्ही गोष्टी मराठी वाचकास अनावश्यक आहेत, असे समितीचे एकमत आहे.'"

"समितीत किती जण होते?" बाईंनी विचारलं.

"त्या दिवशी मी एकटाच होतो."

"म्हणजे एकमत खरेच होते."

मी मान खाली घालून सगळं सांगितलं. सुभद्राचा डोळा, दिवाण भस्मेचा आवाज, चोरून वाचलेली दोन प्रकरणं, सोमवार. त्या ऐकत होत्या. दिवाण भस्मेचा आवाज करून दाखवा म्हणाल्या. मी केला. त्यांनी तोंडाला पदर लावला.

"पुस्तक देणार नाही," शेवटी म्हणाल्या. "एकदा घराबाहेर पाठवले होते, त्याचा अपमान झाला. इथे बसून वाचा."

"एकट्यानं वाचणार नाही, अशी शपथ आहे."

"मग फोन लावा तिला."

त्यांच्या घरात फोनला रेंज फक्त गच्चीच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येते. मी चौथ्या पायरीवर बसलो, फोन तिसरीवर ठेवला, भवानीबाईंनी खाली वेताची खुर्ची मांडली. दुसरा भाग जेमतेम ऐंशी पानांचा होता. "सुभद्रा, ऐक," म्हणून मी सुरुवात केली.

पहिलं प्रकरण मंदाकिनीच्या बालपणावर होतं.

"लटकलेली असताना?" फोनमधून सुभद्रा ओरडली.

"लेखकाची पद्धत आहे," भवानीबाई खालून म्हणाल्या. "मीही फार रागावले होते."

दोघींची ओळख अशी झाली. त्यानंतर माझं काम फक्त वाचायचं. मध्येमध्ये त्या दोघी माझ्या डोक्यावरून बोलत होत्या, दिवाणाला नावं ठेवत होत्या. भवानीबाईंना पुढचं माहीत होतं, पण त्यांनी एक अक्षर फोडलं नाही. फक्त वाईट गोष्ट जवळ आली की साडीची निरी घट्ट धरत.

पस्तिसाव्या पानावर आपण परत जहाजावर आलो. मी वाचलं, "'बॉयलरचा दाब तीनशेच्या वर गेला होता...'"

"काका, एक मिनिट." पियुष समोर उभा होता. दोन्ही इअरफोन गळ्यात. "तीन सौ? और सेफ्टी वॉल्व?"

"त्याचा उल्लेख नाही."

"वॉल्वच नाही? तो ये बॉयलर पास किसने किया? आमच्या इथं तर इन्स्पेक्टर सील लावून टाकतील, भिया!" भिया म्हणजे आमच्या माळव्यातला भैया.

"दिवाण भस्मेनं वॉल्व काढून घेतला असेल," फोनमधून सुभद्रा म्हणाली.

"असं असेल तर क्रिमिनल केस है," पियुष म्हणाला आणि दुसऱ्या पायरीवर बसला.

चाळिसावं पान. "'रुधिररावांनी कडी काढली. दार कुरकुरलं. पूर्वेकडे सोन्याची एक बारीक रेघ...'" इतक्यात गल्लीत कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. ती जाईपर्यंत आम्ही चौघं श्वास धरून थांबलो. गाडी गेली. मी तोंड उघडलं आणि फोन बंद पडला. माझा नव्हे, सुभद्राचा. परत लावला, लागेना. पुन्हा लावला. बंद.

मग माझाच फोन वाजला. अनोळखी नंबर.

"पोतनीस सर? मैं आपका पुराना स्टूडंट बोल रहा हूँ, अंशुल. मेरा ओ पॉजिटिव है. मैं आपके घर निकल रहा हूँ. हिम्मत रखना सर."

फोन ठेवला तोच दुसरा. "भाभीजी के लिए बी निगेटिव चलेगा क्या?"

माझ्या हातातून पुस्तक निसटलं. ते पियुषनं झेललं. रक्त, सुभद्रा, बंद फोन. डोळ्याच्या ऑपरेशनला रक्त लागत नाही, एवढी साधी गोष्टसुद्धा त्या क्षणी डोक्यात आली नाही. डोक्यात एकच होतं, की सकाळी निघताना ती झोपली होती आणि मी तिला उठवलं नव्हतं.

"पियुष, गाडी काढ," भवानीबाई म्हणाल्या. पुस्तक त्यांनी हातात घेतलं, खांद्यावर शाल टाकली आणि माझ्याआधी गाडीत बसल्या.

"आपण कशाला त्रास घेता..."

"पोतनीस, हे पुस्तक मी सात वेळा वाचले. दर वेळी एकटीने. धारेत आता मराठी वाचणारे राहिले किती? देवासला पाठवले ते एवढ्यासाठीच, की कुणीतरी वाचेल आणि चार शब्द बोलेल. आज सात वेळांनंतर पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला दचकताना ऐकले. आता ती बाई संकटात असताना मी घरी बसू?"

मी गाडीचं दार ओढून घेतलं.

पियुषनं गाडी अशी हाकली, की गरुडयंत्रही मागे पडलं असतं. इंदूरच्या अलीकडे गणपतरावांच्या नंबरवरून फोन आला. मी तो कानाला लावला.

"अहो," सुभद्राचा आवाज. "मला काही झालेलं नाही. गणपतभाऊजींनी कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, की पोतनीस वहिनींना तातडीनं रक्त हवंय, उमाशंकरराव शोधायला धारला गेलेत. सकाळपासून इतके फोन आले की बॅटरी संपली. घरी अकरा जण रक्त द्यायला बसलेत. मी सगळ्यांना चहा केलाय. तुम्ही पुढचं वाचलं नाहीत ना?"

मी फोन ठेवला आणि हसायला लागलो. थांबताच येईना. भवानीबाईंनी विचारलं, मी सांगितलं, मग त्याही हसल्या आणि पियुषला गाडी कडेला घ्यावी लागली. रस्त्याकडेच्या टपरीवर आम्ही तिघांनी उभ्यानं चहा प्यायला. पियुषनं पुस्तकाकडे बोट दाखवून विचारलं, "दरवाजा उघडला, मग पुढे?"

"गप्प," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

साडेतीनला घरी पोहोचलो. दिवाणखान्यात अकरा रक्तदाते बसले होते. जिमला जाणारे दोन तरुण बाह्या वर करूनच आले होते. दूधवाला होता. अंशुल होता, ज्याला मी दहावीत दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं आणि जो आज माझ्या बायकोला रक्त द्यायला उज्जैन रोडवरून मोटारसायकलनं आला होता. कोपऱ्यात दत्ताजी होते. त्यांचा रक्तगट त्यांना माहीत नव्हता, पण आले होते. गणपतराव खुर्चीच्या कडेवर टेकून जमिनीकडे बघत होते.

"उमाशंकरराव, मला वाटलं..."

मी त्यांना मिठी मारली. थोरली पाती आणि धाकटी पाती यांची ही बहुधा पहिलीच मिठी. ते इतके गोंधळले, की त्यांनीच माझी पाठ थोपटली.

भवानीबाई सरळ सुभद्राजवळ गेल्या. दोघींनी एकमेकींना पाहिलं, म्हणजे सुभद्रानं धुकट पाहिलं. मग भवानीबाई पलंगावर तिच्याशेजारी बसल्या आणि पुस्तक मला दिलं. "चाळिसावे पान. कचऱ्याची गाडी गेली आहे."

मला वाटलं लोक उठून जातील. रविवारची दुपार, रक्त द्यायचं नाही, चहा झालेला. पण कुणी हललं नाही. हिंदीवाल्यांना मराठी सगळं समजत नव्हतं, तर पियुष मध्ये बसून हळूच सांगत होता. "ये जो है ना, पिशाच है, पर शरीफ है."

रुधिरराव डेकवर आले. सूर्याची पहिली तिरीप त्यांच्या हातावर पडली आणि हात धुमसू लागला. मंदाकिनीची बोटं दोरावरून सुटत होती. काटा थरथरत होता.

"वाफ सोड ना भिया!" पियुष उभा राहून ओरडला. "पूरी वाफ छोड़ दे! सूरज दिखेगाच नाही!"

मी पान उलटलं. माझा स्वतःचा आवाज मला नीट ऐकू येईना. "'रुधिररावांनी छातीचं पितळी दार उघडलं आणि स्वतःच्या बॉयलरची सगळी वाफ मोकळी केली. क्षणात गरुडयंत्र पांढऱ्या ढगात बुडालं. सूर्य उगवला, पण तो कुणाला दिसला नाही.'"

जिमवाल्यांनी टाळ्या पिटल्या. दूधवाला म्हणाला, "वा रे पट्ठे!" पियुष असा खाली बसला, जणू वाफ त्यानंच सोडली होती. भवानीबाईंनी डोळे मिटले होते आणि त्या हसत होत्या. सुभद्रानं त्यांचा हात धरला होता.

पुढची चाळीसेक पानं मी कशी वाचली ते विचारू नका. दिवाण भस्मे आवाजासकट नदीत पडला. गणपतराव म्हणाले, बरं झालं. आणि सहाच्या सुमारास शेवटचं पान आलं.

लढाई संपली आहे. छातीतली वाफ संपत आलेले रुधिरराव मंदाकिनीला तिच्या आईच्या घरी पोहोचवतात आणि अंगणातच थांबतात. मंदाकिनी आत पळते. ते वळून निघतात. मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज येतो...

तिथं मी अडलो. अकरा रक्तदाते, माझा जुना विद्यार्थी, ग्रंथपाल आणि धाकट्या पातीसमोर ग्रंथनिवड समितीचा अध्यक्ष एका पिशाच्चासाठी रडत होता, आणि चष्म्यामागे ते लपत नव्हतं.

भवानीबाईंनी पुस्तकाकडे न बघता वाक्य पुरं केलं. "'अहो सरदार, दारातून परत काय जाता? आत या.'"

बाहेर रस्त्यावर एक टेम्पो गेला. सुभद्रा पदरानं गाल पुसत होती, डोळा मात्र डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कटाक्षानं टाळत होती.

"काका," पियुष म्हणाला. त्यानं पुस्तक माझ्या हातातून घेऊन दोन ओळी बोटानं वाचायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. "ये वापस क्यूँ जा रहा था? बुलाया तो क्या खास हुआ?"

"त्यासाठी पहिला भाग ऐकावा लागेल," दत्ताजी म्हणाले. तेव्हा मला कळलं की दत्ताजींनी तो वाचलाय.

"तो सुनाओ ना. शुरू से."

मी सुभद्राकडे पाहिलं. उद्या सकाळी सातला इस्पितळात निघायचं होतं. पिशवी भरायची होती, तिला लवकर झोपायचं होतं. काल रात्री ती नीट झोपली नव्हती, हे मला ठाऊक होतं.

तिनं भवानीबाईंना पाठीशी उशी दिली, स्वतः एक घेतली आणि पाय पसरून बसली. इतकी ऐसपैस ती पहिल्या ऑपरेशनपासून बसली नव्हती.

"वाचा," ती म्हणाली. "पिशवी काय, गणपतभाऊजी भरतील. झोपेपर्यंत दोन प्रकरणं सहज होतात."

दूधवाल्यानं सतरंजी पुढे ओढली. अंशुलनं माझ्यासमोर पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी पहिला भाग घेतला, पहिलं पान उघडलं आणि घसा साफ केला.

"'तीनशे वर्षांत,'" मी वाचलं, "'सरदार रुधिररावांना कुणीही आत या म्हटलं नव्हतं.'"